ओटूचा प्रोसेसर बोर्ड बदलला की नेमकं काय फास्ट होतं?

सिलिकॉन ग्राफिक्सचं ओटू, १९९६ सालचं ते निळं गुबगुबीत वर्कस्टेशन, ज्यांच्याकडे अजून चालू आहे त्यांना कधी ना कधी प्रोसेसर बदलायची हुक्की येतेच. आणि ते फार अवघडही नाही, कारण यात सीपीयू मदरबोर्डवर कायमचा बसवलेला नसून वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो, मागून अख्खा मदरबोर्ड ट्रेसारखा बाहेर ओढायचा की तो समोरच दिसतो. (अंगातली स्टॅटिक आधी घालवा, प्लीज.)

पण नुसते मेगाहर्ट्झ बघून बोर्ड घेऊ नका. सेकंडरी कॅशेपण (सीपीयूला वारंवार लागणारी माहिती जवळच ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) याच बोर्डवर असते, १८० मेगाहर्ट्झच्या आर५००० या प्रोसेसरला ५१२ केबी आणि २०० वाल्याला १ एमबी. ओटूमध्ये ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नाहीच, स्क्रीनवरचं चित्र, टेक्श्चर (थ्रीडी पृष्ठभागांवर चिकटवायची चित्रं), व्हिडिओ आणि तुमचे प्रोग्राम सगळे एकाच रॅमवर, त्यामुळे प्रोसेसरला तिथे रांगेत थांबावं लागतं आणि कॅशे मोठी असली की रॅमकडे जायच्या खेपाच कमी होतात.

आता थ्रीडीचं बघू, मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. मॉडेल फिरवलं की प्रत्येक त्रिकोणाचे कोपरे कुठे जातील, प्रकाश कसा पडेल हे गणित ओटूमध्ये सीपीयूच करतो, ग्राफिक्स चिप फक्त त्रिकोणात रंग भरते. म्हणून हजारो बारीक त्रिकोणांचं मॉडेल नव्या बोर्डवर मस्त सुळसुळीत फिरतं, पण मोठमोठे टेक्श्चरवाले पृष्ठभाग स्क्रीनभर असतील तर जवळपास तेवढाच वेळ लागतो, कारण रंग भरणारी चिप जुनीच आहे ना.

आर५००० वरून आर१०००० या वरच्या प्रोसेसरवर जाणार असाल तर नीट विचार करा. तो सूचनांचा क्रम स्वतः बदलून कामं उरकतो, म्हणून खूप चपळ आहे, पण त्याचा कूलिंगचा डोलारा एवढा उंच की दुसऱ्या हार्ड डिस्कची जागाच जाते. शिवाय आयरिक्स, म्हणजे ओटूची ऑपरेटिंग सिस्टम, इन्स्टॉल होताना सीपीयू बघून फाइली निवडतं, तेव्हा जुनी डिस्क तशीच लावू नका, सिस्टम नव्याने टाका. आर१०००० वरून आर१२००० हा बदल त्यामानाने सोपा.

बोर्ड बसवल्यावर आयरिक्स टाकायच्या आधीच कमांड मॉनिटरमध्ये (मशीन सुरू होताना, सिस्टम चढण्याआधी कमांड टाइप करायची जागा) जाऊन एचआयएनव्ही (hinv) टाइप करा, प्रोसेसरचं नाव, मेगाहर्ट्झ आणि सेकंडरी कॅशेचा आकडा, तिन्ही बरोबर दिसले की मगच झाकण लावा.