जैसलमेरची वीज मुंबईत: मागची गोष्ट

वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत ज्यांच्या घरी अदानी इलेक्ट्रिसिटीचं बिल येतं, त्यांच्या विजेचा एक मोठा वाटा आता जैसलमेरच्या प्रकल्पातून घेतला जातो. ऊन आणि वारा दोन्हीवर चालणारा हा 700 मेगावॅटचा प्रकल्प 2023 मध्ये सुरू झाला. वाळवंटातल्या उन्हातून ऊर्जा मिळवून ती लांब पुरवायची ही कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे.

1913 साली फ्रँक शुमन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने इजिप्तमध्ये कैरोजवळ मादी इथे लांबलचक पन्हळीसारखे आरसे मांडले, त्यातून पाण्याची वाफ केली आणि त्या वाफेवर पंप चालवून नाईलचं पाणी शेतात सोडलं. मिनिटाला सुमारे 6000 गॅलन! पुढे सहारात असेच आरसे पसरून जगाला ऊर्जा पुरवता येईल असं तो सांगत होता, पण 1914 ला महायुद्ध पेटलं, 1918 मध्ये शुमन गेला आणि नंतर स्वस्त तेलापुढे कोणाला ते आरसे आठवले नाहीत.

मग थेट 1986. चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या स्फोटानंतर गेरहार्ड क्नीस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने हिशोब मांडला की जगातल्या वाळवंटांवर 6 तासांत जेवढं ऊन पडतं तेवढी ऊर्जा माणसं वर्षभरातही वापरत नाहीत. यातूनच पुढे 'डेझर्टेक' ही उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातून युरोपला वीज आणायची योजना उभी राहिली, 2009 मध्ये सीमेन्स, डॉइशे बँक, म्युनिक री अशी मोठी नावं एकत्र आली, 400 अब्ज युरोंचे आकडे बोलले जाऊ लागले आणि 2050 पर्यंत युरोपची 15 टक्के वीज वाळवंटातून आणायचं ठरलं. पण 2012 मध्ये सीमेन्स आणि बॉश बाहेर पडले. सौर पॅनल एवढे स्वस्त झाले की युरोपलाच घरच्या छपरावर वीज परवडायला लागली, उत्तर आफ्रिकेत राजकीय उलथापालथ सुरू होती, आणि तिथले लोक विचारत होते की आमच्याच गावात वीज पुरत नाही तर आधी तुम्हाला का द्यायची? मला हा प्रश्न पूर्ण रास्त वाटतो.

आपल्याकडे गाडी पुढे गेली कारण वाळवंटही आपलं आणि ग्राहकही आपलेच, मध्ये कुठली सीमा नाही. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशन आलं, 2013 च्या 31 डिसेंबरला दक्षिणेची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, जोडली गेली आणि सगळा देश एका ग्रिडवर आला, 2017 मध्ये राजस्थानातल्या भडलाच्या सौर प्रकल्पाच्या लिलावात युनिटचा दर 2 रुपये 44 पैशांवर उतरला. आज कच्छच्या रणात खावड्याला 30 हजार मेगावॅटचं काम चालू आहे आणि तिथून नागपूरपर्यंत 800 किलोव्होल्टची डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) लाईन टाकायचं ठरलंय. लांबच्या अंतरावर डीसीत वीज कमी वाया जाते, म्हणून. आपल्याला हे नवीन नाही, चंद्रपूरची कोळशाची वीज मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत आणणारी साडेसातशे किलोमीटरची डीसी लाईन नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून आहेच.

खरी अडचण शहरात शिरताना येते. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा कळलं की बाहेर कितीही वीज असली तरी ती आत आणणाऱ्या लाईन मोजक्याच आहेत. खारघर-विक्रोळी लाईन आणि कुडूस ते आरे ही 1000 मेगावॅटची डीसी लाईन, दोन्ही याच कारणासाठी.

पण या सगळ्यात ज्यांच्या जमिनीवर पॅनल लागतात त्यांचं काय, हे आपण मुंबईकरांनी तरी विचारायला हवं, कारण हा इतिहास आपलाच आहे. 1915 मध्ये खोपोलीहून टाटांची वीज गिरण्यांना आली, आणि मग मुळशीला धरण बांधायला घेतलं, तेव्हा मावळातले शेतकरी 'जान किंवा जमीन' म्हणत सेनापती बापटांबरोबर 1921 मध्ये सत्याग्रहाला उभे राहिले. धरण झालं, जमिनी पाण्याखाली गेल्या, वीज मुंबईला आली.

जैसलमेरमध्ये आज ओरणांचा प्रश्न तसाच आहे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली गावची चराई, तिथे झाड तोडत नाहीत, उंटं-मेंढ्या चरतात, पण महसुली कागदावर बरीच ओरणं नुसती सरकारी पडीक जमीन म्हणून दिसतात आणि मग प्रकल्पाला देता येतात. देगराय ओरणासाठी लोकांनी पदयात्रा काढल्यात. त्याच भागात माळढोक पक्षी उरलेत, जे आपल्या सोलापूरच्या नान्नजमधून जवळपास संपलेच. तारांना धडकून ते मरतात म्हणून 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, 2024 मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. ओरणांची नोंद ओरण म्हणूनच करा एवढीच त्या गावांची मागणी आहे, आणि त्यांची वीज वापरणाऱ्या शहराने ती उचलून धरायला पाहिजे.