झपाट्याने सलाईन द्यावे का? आफ्रिकेतील ग्रामीण बालरुग्णांवरील एका संशोधनाची पार्श्वभूमी

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकी देशांत जिल्हा पातळीवरच्या सरकारी किंवा मिशनरी रुग्णालयात दाखल होणारी बहुतेक लहान मुले नेहमीच्याच आजारांनी आलेली असतात. मलेरिया, न्यूमोनिया, जुलाब आणि रक्तातील जंतुसंसर्ग हे त्यांतले प्रमुख आजार. त्यांच्या जोडीला तीव्र रक्तक्षय आणि कुपोषण असतेच. एकाच मुलात यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आढळणे हा तिथल्या डॉक्टरांचा रोजचा अनुभव आहे. असे मूल अत्यवस्थ झाले तर पहिल्या तासात काय करावे, याचे नियम मात्र अनेक वर्षे या वॉर्डांच्या अनुभवातून घडले नाहीत. ते घडले व्हेंटिलेटर, अखंड देखरेख आणि पुरेसे मनुष्यबळ असलेल्या श्रीमंत देशांच्या अतिदक्षता विभागांत. झपाट्याने सलाईन देण्याचा उपचार तपासणाऱ्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फीस्ट’ नावाच्या ज्या चाचणीने हे अंतर किती जीवघेणे ठरू शकते ते दाखवले, तिच्याभोवतीचा वाद समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

वसाहतींच्या काळात आफ्रिकेतील वैद्यकीय संशोधनाचा भर निद्रारोगासारख्या साथींवर आणि त्यांच्याविरुद्धच्या मोहिमांवर होता. घरोघरच्या तापाचा, खोकल्याचा पद्धतशीर अभ्यास क्वचितच झाला. गांबियातील केनेबा या खेड्यात 1950 च्या सुमारापासून जन्म, वाढ आणि मृत्यू यांच्या नोंदी सातत्याने ठेवल्या जाऊ लागल्या, हा एक महत्त्वाचा अपवाद. पुढे गांबियात कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांची आणि घानात अ जीवनसत्त्वाची मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली. रुग्णालयात पोहोचलेल्या मुलांच्या बाबतीत खरे वळण आले ते केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी येथे. तिथल्या सरकारी रुग्णालयालगत 1989 मध्ये संशोधन केंद्र सुरू झाले. गंभीर मलेरियाची मुले नेमकी कशाने दगावतात, याचा तिथे खाटेशेजारी बसून अभ्यास झाला, आणि 1995 मध्ये असे मांडले गेले की बेशुद्धी किंवा शुद्ध हरपत जाणे आणि श्वास घेण्यास होणारा त्रास ही दोन लक्षणे मृत्यूची सर्वांत मोठी पूर्वसूचना देतात. दहा वर्षांनी त्याच रुग्णालयातील रक्त-कल्चरच्या, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते पाहणाऱ्या तपासणीच्या, नोंदींवरून दिसून आले की दाखल मुलांमधील 26 टक्के मृत्यू रक्तात जंतुसंसर्ग असलेल्या मुलांचे होते. म्हणजे तापाने आलेले प्रत्येक मूल मलेरियाचेच, या समजुतीखाली दुसरा जीवघेणा आजार झाकला जात होता.

या मुलांपैकी अनेकांचे हातपाय गार पडलेले असत आणि नाडी क्षीण लागत असे. रक्ताभिसरण मंदावले की शिरेतून वेगाने भरपूर द्रव द्यायचा, हा बालरोगशास्त्रातला तोपर्यंत जवळजवळ निर्विवाद मानलेला उपचार होता. वजनाच्या प्रत्येक किलोमागे 20 मिलिलीटर सलाईन काही मिनिटांत, आणि गरज भासल्यास पुन्हा तेवढेच: या पद्धतीला डॉक्टर ‘बोलस’ म्हणतात. तिच्या समर्थनार्थ सतत उद्धृत होणारा अभ्यास 1991 सालचा, अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरातला. त्यात एकूण 34 मुले होती. पहिल्या तासात किलोमागे 40 मिलिलीटरहून अधिक द्रव मिळालेल्या 9 मुलांपैकी 8 वाचली होती. कोणाला किती द्रव द्यायचा हे त्या अभ्यासात चिठ्ठी टाकून ठरवलेले नव्हते; जे उपचार झाले त्यांच्या नोंदी नंतर पाहिल्या गेल्या. एवढ्या तुटपुंज्या पायावर दोन दशके जगभरातील मार्गदर्शक सूचना उभ्या होत्या, ही गोष्ट आजही पुरेशा गांभीर्याने बोलली जात नाही.

आफ्रिकेतील ग्रामीण रुग्णालयांत हा उपचार सर्रास रुजला नव्हता. द्रव दिल्याने मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येईल अशी भीती होती, आणि तशी सूज आलीच तर मुलाला तारून नेण्यासाठी व्हेंटिलेटर नव्हता. दुसरीकडे, किलिफीतील एका लहान चाचणीत, गंभीर मलेरिया आणि रक्तातील आम्लता वाढलेल्या मुलांना अल्ब्युमिन (रक्तातील एका प्रथिनाचे द्रावण) दिले तेव्हा 56 पैकी 2 दगावली, तर साधे सलाईन दिलेल्या 61 पैकी 11. आकडे आशादायक होते, पण निर्णायक नव्हते. म्हणून मोठी चाचणी आखण्यात आली. हीच ती ‘फीस्ट’ चाचणी; ती 2009 मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातील सहा रुग्णालयांत सुरू झाली. किलिफी, म्बाले, सोरोटी, मुहेझा अशी त्यांतली बहुतेक ठिकाणे मोठ्या शहरांपासून दूर होती आणि कुठेही आपल्या कल्पनेतला बालरोग अतिदक्षता विभाग नव्हता.

त्या वॉर्डातले काम कसे चाले, हे पाहण्यासारखे आहे. मूल दारातून आत येताच परिचारिका त्याच्या नखावर दाब देऊन सोडत असे आणि गुलाबी रंग परतायला किती सेकंद लागतात ते मोजत असे. मग पायावरून हात वर सरकवत नेऊन थंडपणा कुठे संपतो ते चाचपत असे. मूल अर्धवट शुद्धीत किंवा धापा टाकत असले आणि त्यात मंद रक्ताभिसरणाची खूण सापडली, की क्रमवार लावलेल्या बंद पाकिटांपैकी पुढचे उघडले जाई. अल्ब्युमिन, साधे सलाईन की बोलसविना फक्त शिरेतून संथ गतीने नेहमीचे द्रव, हे त्यावरून ठरे. ऑक्सिजन, प्रतिजैविके, मलेरियाची औषधे आणि गरजेप्रमाणे रक्त तिन्ही गटांना मिळत असे. अशा घटकेला आईवडिलांसमोर कित्येक पानांचे संमतिपत्र ठेवणे अमानुष ठरले असते; म्हणून अनेकदा आधी तोंडी होकार घेतला जाई आणि मुलाची प्रकृती सावरल्यावर सविस्तर माहिती देऊन लेखी संमती. या व्यवस्थेला नीतिविषयक समित्यांची परवानगी होती. तिच्यावर टीका झाली. परंतु आणीबाणीच्या उपचारांचे संशोधन अन्य कोणत्या मार्गाने होऊ शकले असते, याचे समाधानकारक उत्तर टीकाकारांकडून मिळाले नाही.

चाचणीत 3,600 मुले घ्यायची होती. जानेवारी 2011 मध्ये, 3,141 मुले झालेली असताना, आकडेवारीवर स्वतंत्रपणे लक्ष ठेवणाऱ्या समितीने भरती थांबवण्याची शिफारस केली. रक्तदाब फार खालावलेल्या 29 मुलांचा गट यांहून वेगळा होता. या 3,141 मुलांमध्ये 48 तासांत अल्ब्युमिनच्या गटातील 10.6 टक्के, सलाईनच्या गटातील 10.5 टक्के आणि बोलस न दिलेल्या गटातील 7.3 टक्के मुले दगावली होती. चार आठवड्यांनंतरही हा फरक टिकून होता. पहिल्या तासाअखेर मात्र चित्र उलटे दिसत होते: बोलस दिलेल्या मुलांपैकी 43 टक्क्यांची रक्ताभिसरणाची लक्षणे सुधारली होती, न दिलेल्यांपैकी 32 टक्क्यांची. खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरला उपचार लागू पडताना दिसत होता आणि तरीही पुढच्या दोन दिवसांत त्याच गटात अधिक मुले मरत होती. चाचणीशिवाय हे कोणाच्याही नजरेस पडले नसते.

वाद पेटला तो इथून. पहिला आणि सर्वांत चिवट आक्षेप असा की चाचणीतील मुले खऱ्या अर्थाने ‘शॉक’मध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत, नव्हतीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शॉक ठरवण्यासाठी तीन खुणा एकाच वेळी असाव्या लागत: हात थंड, नखाचा रंग परतायला तीन सेकंदांहून अधिक वेळ, आणि नाडी क्षीण व जलद. फीस्टमध्ये रक्ताभिसरणाची एक खूणही पुरेशी होती. श्रीमंत देशांतील निकष आणखी वेगळे होते. त्यामुळे निष्कर्ष सौम्य आजारी मुलांपुरते आहेत आणि तिन्ही खुणा असलेल्या मुलाला बोलस देणे थांबवू नये, असा युक्तिवाद पुढे आला. वरवर पाहता तो सावधगिरीचा वाटतो. पण चाचणीत तिन्ही खुणा असलेली 65 मुले होतीच. त्यांपैकी बोलस मिळालेल्या 50 मधील 24, तर न मिळालेल्या 15 मधील 3 मुले दगावली. संख्या लहान आहे आणि एवढ्यावर अंतिम निर्णय देता येणार नाही, हे मान्य करायलाच हवे. मात्र ज्यांनी 9 मुलांच्या अनुभवावर बोलस स्वीकारला होता, त्यांनी 65 मुलांचा विरोधी पुरावा अपुरा म्हणावा, हे पटणारे नाही. दुसरा आक्षेप असा होता की यातील 57 टक्के मुलांना मलेरिया होता आणि अनेकांना तीव्र रक्तक्षय, म्हणून हे निष्कर्ष इतर आजारांना लागू करू नयेत. प्रत्यक्षात मलेरिया असलेल्या आणि नसलेल्या, रक्तक्षय असलेल्या आणि नसलेल्या, सर्व उपगटांत नुकसानाची दिशा एकच होती. शिवाय ग्रामीण आफ्रिकेतल्या वॉर्डात दाखल होणारे मूल असेच असते. त्याला वगळून बनवलेला नियम त्याच्या उपयोगाचा नाही.

इथे एक मर्यादा स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. जुलाबाने शरीरातील पाणी आटलेली, तीव्र कुपोषित, भाजलेली आणि अपघातात जखमी झालेली मुले या चाचणीत नव्हती. जुलाबाच्या मुलाला पाणी भरून द्यावेच लागते, आणि फीस्टचा हवाला देऊन ते नाकारणे चुकीचे ठरेल.

मार्गदर्शक सूचना हलायला वेळ लागला. 2013 मध्ये जिल्हा रुग्णालयांसाठीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली, तेव्हाही शॉकच्या प्रकरणात बोलस कायम होता. 2016 च्या सुधारणेत केवळ एक-दोन खुणा असलेल्या मुलांना झपाट्याने द्रव देऊ नये असे म्हटले गेले. तिन्ही खुणा असतील तर किलोमागे 10 ते 20 मिलिलीटर, तेही 30 ते 60 मिनिटांत, असा मधला मार्ग निघाला. निकाल हाती आल्यापासून या सुधारणेपर्यंत पाच वर्षे गेली होती. 2020 मध्ये मुलांच्या गंभीर जंतुसंसर्गावरील आंतरराष्ट्रीय सूचनांनी पहिल्यांदाच अतिदक्षता विभाग असलेली आणि नसलेली ठिकाणे वेगळी मानली, आणि जिथे तो नाही तिथे रक्तदाब खालावलेला नसल्यास बोलस देऊ नये असे सांगितले.

बोलसने नुकसान का होते, यावर पुढे दोन विश्लेषणे झाली. 2013 च्या विश्लेषणात जास्तीचे मृत्यू फुप्फुसात पाणी भरून झालेले नसून रक्ताभिसरण कोसळून झालेले दिसले. 2019 च्या पुनर्विश्लेषणात सलाईनमुळे वाढणारी आम्लता, पातळ होणारे रक्त आणि श्वसनावर व मेंदूवर पडणारा ताण यांकडे बोट दाखवले गेले. झांबियातील जंतुसंसर्गाने रक्तदाब खालावलेल्या प्रौढ रुग्णांमध्ये, ज्यांपैकी बहुतेक एचआयव्हीबाधित होते, भरपूर द्रव देणाऱ्या उपचारपद्धतीत 48.1 टक्के आणि नेहमीच्या उपचारात 33 टक्के रुग्ण दगावल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. युगांडा आणि मलावीतील 3,196 रक्तक्षयी मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले आणि कोणाला लगेच रक्त चढवावे, किती चढवावे, हे प्रश्न त्यांतून नव्याने तपासले गेले. तीव्र कुपोषित मुलाला जुलाब झाले असता शिरेतून द्रव शक्यतो टाळावा, हा जुना दंडकही चाचणीविनाच चालत आला होता. युगांडा, केनिया, नायजर आणि नायजेरियातील 272 मुलांवर तो 2025 मध्ये पारखला गेला, तेव्हा तोंडावाटे आणि शिरेतून या दोन्ही पद्धतींत मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही, आणि ज्या अतिरिक्त द्रवभाराच्या भीतीने हा दंडक घातला गेला होता तो भारही दिसून आला नाही.