एसी लावला की उभी गाडी का थरथरते?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा बंद रेल्वे फाटकापाशी उभ्या असलेल्या एखाद्या लहान गाडीत बसून बघा. एसीचं बटण दाबलं की बॉनेटखाली 'टक्' असा आवाज होतो. आरपीएमचा काटा किंचित खाली जातो, लगेच सावरतो आणि आधीपेक्षा थोडा वरच थांबतो. स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवू लागते. बरेच जण यानेच घाबरतात, पण काट्याचं हे वर जाणं म्हणजे बिघाड नव्हे. गाडीची रचनाच तशी असते.

तो 'टक्' आवाज कंप्रेसरच्या, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाच्या क्लचचा. बेल्टवर कंप्रेसरची पुली एरवी मोकळी फिरत असते. बटण दाबताच विद्युतचुंबक क्लचची चकती पुलीला चिकटवतो आणि कंप्रेसरचा भार इंजिनवर येतो. लहान गाडी उभी असताना हा भार ढोबळमानाने दोन हॉर्सपॉवरच्या आसपास असतो. धुळ्याच्या हायवेवर गाडी पळत असताना एवढ्याने फारसा फरक पडत नाही. पण आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि इंजिन स्वतःला फिरतं ठेवण्यापुरतंच पेट्रोल जाळत असतं. अगदी हळू चाललेल्या सायकलच्या कॅरिअरवर कुणी येऊन बसलं की हँडल डगमगतं, तशी त्याची गत होते.

म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, आधीच तयारी करतो. बटणाचा संदेश मिळाला की तो क्लच जोडायला क्षणभर थांबतो, थ्रॉटल जरासा उघडून हवा वाढवतो, त्या हवेच्या हिशेबात पेट्रोल वाढवतो. 750 आरपीएमवरचं आयडल त्यामुळे 850-900 पर्यंत जातं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत हेच काम व्हॅक्यूमवर चालणारी एक डबी करायची.

खानदेशात हा भार जास्त का जाणवतो, याचं उत्तर समोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये आहे. गाडीतली उष्णता बाहेर टाकायची तर कंडेन्सरमधला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा गरम असावा लागतो. बाहेर 35 अंश असताना तो 50 अंशांच्या आसपास द्रवरूप झाला तरी भागतं. आर-134ए या गॅसला त्यासाठी वातावरणाच्या सुमारे 13 पट दाब लागतो. बाहेर 45 अंश, खाली तापलेलं डांबर, पुढे केळीच्या ट्रकचं धगधगतं इंजिन आणि उभ्या गाडीला समोरून वारा नाही, अशा वेळी गॅसला 65 अंश गाठावे लागले तर दाब 19 पटींच्या घरात जातो. तेवढा दाब कंप्रेसरने द्यायचा आणि कंप्रेसरला इंजिनने फिरवायचं. शिवाय कंडेन्सरचा पंखा जोरात फिरतो. त्याची वीज अल्टरनेटर देतो आणि तोही याच इंजिनवर चालतो.

तीन सिलिंडरच्या गाड्यांना ही थरथर अधिक. 800 आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला जवळपास 27 स्फोट होतात, तीनमध्ये 20. धक्के कमी, पण प्रत्येक धक्का वेगळा जाणवतो.

काटा खाली जाऊन तिथेच रेंगाळत असेल, किंवा एसी लावताच गाडी बंद पडत असेल, तर मात्र दुखणं आहे. बहुतेकदा थ्रॉटल बॉडीत कार्बन साचलेला असतो आणि आयडलला लागणारी हवा नीट पोचत नाही. काटा बरोबर असून नुसती थरथर वाढली असेल, तर इंजिनच्या माउंटिंगचं रबर बसलेलं असण्याची शक्यता जास्त. गॅस भरून घ्यायच्या आधी या दोन गोष्टी बघायला सांगा. आणि कंडेन्सरची जाळी स्वतः वाकून पाहा. इकडची धूळ आणि कापसाचे तंतू तिच्यात अडकले की हवा आत शिरत नाही, दाब आणखी चढतो. इंजिन गार असताना साध्या नळाच्या धारेने ती धुवावी. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर पातळ पत्र्या वाकतात आणि हवेची वाट कायमची अडते.