सफरचंद चावायचं की प्यायचं?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९७७ साली एक छोटा प्रयोग छापून आला. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं गेलं: अख्खं, गर करून आणि रस काढून. कर्बोदकं तिन्ही वेळा मोजून ६० ग्रॅम. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला, यात नवल नाही. पण पोट सगळ्यात कमी भरलं तेही रसानेच. रक्तातली साखर तिन्ही प्रकारांत जवळपास सारखीच चढली. नंतर मात्र रस प्यायल्यावर ती झपकन खाली आली, गरानंतर थोडी कमी घसरली आणि अख्ख्या फळानंतर अशी घसरण झालीच नाही. गंमत अशी की गरात तंतू (फायबर) होते, फक्त त्यांची मोडतोड झालेली होती.

म्हणजे अन्नात काय आहे याबरोबरच ते कसं बांधलेलं आहे यालाही महत्त्व आहे. लेबलवर नेमकं हेच नसतं. जागतिक आरोग्य संघटना रसातली नैसर्गिक साखरही वरून घातलेल्या साखरेसारखीच ‘मुक्त साखर’ धरते आणि अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅमची होते. अख्ख्या फळातली साखर त्यात मोजत नाहीत.

बदामाचंही तसंच. ग्रॅममागे कर्बोदकं आणि प्रथिनांच्या ४, स्निग्धांच्या ९ कॅलरी या ठोकताळ्याने २८ ग्रॅम बदामांत सुमारे १७० कॅलरी भरतात. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी माणसांना बदाम खायला घालून प्रत्यक्ष मोजलं, तर शरीराला १२९च्या आसपास मिळाल्या. तेल पेशींच्या भिंतीआड बंद असतं, आपण कितीही चावलं तरी सगळ्या पेशी फुटत नाहीत. उरलेलं तेल तसंच बाहेर पडतं. कॅलरी अगदी एककापर्यंत मोजत बसणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतला २०१९चा प्रयोग याहून बोलका आहे. २० जणांना तिथेच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात बनवलेलं तयार, आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं जेवण दिलं. समोर ठेवलेल्या अन्नात कॅलरी, साखर, स्निग्ध, मीठ, तंतू सारखे होते. हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त जेवणात माणसं दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, तीही भराभर. वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं आणि साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. माणसं थोडी, काळही थोडा, त्यामुळे यावरून सगळी गणितं सुटली असं नाही. तंतूंची बरोबरी साधायला अतिप्रक्रियायुक्त जेवणात ते पेयांत मिसळावे लागले होते, हे मला जास्त लक्षणीय वाटतं.

मग रोज निवडायचं कसं? चावावं लागेल असं काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या: अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या. तहानेला पाणी. पाकिटावरची घटकांची यादी बहुतेक देशांत वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून पहिली तीन नावं वाचली तरी बरंचसं कळतं. प्रक्रिया म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. गोठवलेल्या भाज्या किंवा दही यांना घाबरायचं कारण नाही, आणि शिजवणं हीसुद्धा प्रक्रियाच.

आजारात वजन उतरलेल्या किंवा दात नसलेल्या माणसाचा हिशेब उलटा असतो. त्याच्या पोटात थोड्या खाण्यातून जास्त ऊर्जा जायला हवी, तेव्हा मऊ, वाटलेलं, पटकन गिळता येईल असंच अन्न त्याला सोयीचं.