वाघावर बसलेला वैद्य

चीनमधल्या दाओपंथी चित्रांत आणि देवळांत एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा वाघावर बसलेला दिसतो. हातात सुई, डोक्यावर वेटोळे घातलेला ड्रॅगन. वाघाच्या घशात अडकलेले हाड त्याने काढले, आजारी ड्रॅगनला सुया टोचून बरे केले, अशा कथा सांगतात. लोक त्याला 'याओवांग' म्हणतात, म्हणजे औषधांचा राजा. सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथातल्या भैषज्यराज बोधिसत्त्वाचे चिनी नावही याओवांगच. हा म्हातारा मात्र हाडामांसाचा माणूस होता. नाव सुन सिम्याओ.

शान्शी प्रांतातल्या आजच्या तोंगछुआनजवळचा त्याचा जन्म, बहुधा इ.स. ५८१चा, मृत्यू ६८२मध्ये. म्हणजे शंभरी गाठलीच, पण आसपासच्या लोकांचे तेवढ्याने भागेना. ते त्याला कित्येक शतकांचा ठरवून मोकळे झाले, आणि तांग राजवटीच्या अधिकृत इतिहासातही ही वदंता जाऊन बसली. त्याने स्वतः लिहिलेले अधिक साधे आहे : लहानपणी सतत आजारी असायचो, वैद्यांच्या दारी खेटे घालावे लागले आणि काढ्यांच्या खर्चात घरची मालमत्ता संपली.

६५२च्या सुमारास त्याने पूर्ण केलेल्या ग्रंथाच्या नावात 'हजार सुवर्ण' हे शब्द येतात. माणसाचा जीव हजार सुवर्णाहून मोलाचा, असा त्यांचा खुलासा तोच करतो. औषधात घरदार गेलेल्या मुलाला हे नाव सुचले यात नवल नाही. ग्रंथाचे ३० भाग, त्यांत सुमारे ५,३०० नुस्खे. आरंभीच्या सामान्य विवेचनानंतर थेट स्त्रिया आणि बालके, पुरुष आणि वृद्ध मागाहून; स्त्रिया आणि बालके हे मूळ, आणि मुळाचा मान आधी, हे त्याचे कारण. गलगंडावर समुद्री शेवाळ आणि मेंढी-हरणाच्या गळ्यातल्या ग्रंथी, रातांधळेपणावर प्राण्यांचे यकृत. आयोडीन किंवा अ जीवनसत्त्व हे शब्द यायला अजून हजारावर वर्षे होती.

जीव वाचवण्यासाठी जीव घ्यायचा हे मात्र त्याला पटत नसे. बाजारात आधीच मेलेले जनावर मिळाले तर वापरावे, असा तोडगा त्याने काढला; अंड्याला नाइलाज म्हणून सूट दिली. रोगी गरीब की श्रीमंत, मित्र की वैरी, आपला की परका हे वैद्याने पाहू नये, असे बजावणारे त्याचे प्रकरण चिनी वैद्यकाच्या शाळांत आजही शिकवतात.

हा सगळा माल एका परंपरेतला नव्हता. सुन जिथे वावरला त्या चांगआन राजधानीत ६४५मध्ये ह्युएन त्सांग भारतातून पोथ्या घेऊन परतला होता. सुनच्या लेखनात भारतीय अंगमर्दन आहे, चार महाभूतांचे ४०४ रोग आहेत, आणि जीवकाचे वचनही : जगात औषध नाही अशी वस्तूच नाही. तक्षशिलेत गुरूने 'औषधी नसलेली वनस्पती आण' म्हटल्यावर रिकाम्या हाती परतलेला, बुद्धाचा वैद्य झालेला जीवक तो हाच.

दाओपंथी म्हणून सुन धातू-खनिजांच्या किमयेतही रमला. पण प्रतिष्ठितांत लोकप्रिय असलेल्या 'पाच दगडांच्या' चूर्णावर त्याचा राग होता : त्यापेक्षा विषारी वेल खा, नुस्खा दिसला तर जाळून टाका. आणखी एक राग दक्षिणेकडच्या वैद्यांवर. हान राजवटीच्या काळातला वैद्य झांग झोंगजिंग याचे तापावरचे नुस्खे ते दडवून ठेवतात, ही तक्रार त्याने पहिल्या ग्रंथात नोंदवली. आयुष्याच्या अखेरीस ते हाती लागले, तेव्हा दुसऱ्या ग्रंथात त्याने ते सर्वांसाठी घालून टाकले.

१०६६मध्ये सोंग राजवटीच्या वैद्यक-संपादन कचेरीने पहिला ग्रंथ शुद्ध करून छापला. बाराव्या शतकाच्या आरंभी सम्राट हुइजोंगने सुनला दाओपंथी सिद्धपुरुषाची पदवी दिली आणि वाघाची वाट मोकळी झाली.

६७३मध्ये कवी लू झाओलिन औषधोपचारासाठी राजधानीत सुनकडे होता. राहायला मिळालेल्या ओसाड वाड्याच्या अंगणात एक रोगट नासपतीचे झाड होते. लूने त्यावर कविता लिहिली. सुन तेव्हा ९३ वर्षांचा असल्याचे लूनेच नोंदवले आहे. लू बरा झाला नाही. पुढे दुखणे असह्य होऊन त्याने यिंग नदीत जीव दिला.