पाचशे फॉर्म भरले म्हणजे संशोधन झालं?

प्रकल्पाचे दिवस आले की सोलापूरच्या कॉलेजांत हमखास ऐकू येतं, "सर, पाचशे फॉर्म झाले!" नमुना, म्हणजे ज्यांना प्रश्न विचारले ती माणसं, जितका मोठा तितका निष्कर्ष खरा, हा समज जुनाच. पण चुकीचा.

१९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे २४ लाख उत्तरं गोळा करून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असं छापलं. ते ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेली. मंदीतला गरीब मतदार त्यात फारसा नव्हताच.

आता सोलापूरच्या पूर्व भागात या. यंत्रमाग कामगारांचा अभ्यास करायचाय आणि तुम्ही सकाळी अकराला चहाच्या टपरीवर फॉर्म वाटताय. दिवसपाळीचा माणूस तेव्हा मागासमोर उभा असतो, रात्रपाळीचा झोपलेला. घरात विड्या वळणारी त्याची बायको टपरीवर येतच नाही. आणि तेलुगू बोलणाऱ्या आजीला मराठी फॉर्म कोण वाचून दाखवणार? संख्या वाढवली की योगायोगाने होणारी चूक घटते, हे खरं. निवडीतली चूक मात्र तशीच राहते.

म्हणून आधी प्रश्न पक्का करा. मग कारखान्यांची यादी काढा, चिठ्ठ्या टाकून निवडा, दोन्ही पाळ्यांना जा. कोण बोलायला नाही म्हणालं, तेही वहीत लिहा.