मूसहार्ट : सगळीच मुलं अनाथ नव्हती

'शिकागोजवळचं मूसहार्ट म्हणजे धनिकांच्या दानावर पोसलेला अनाथाश्रम' हा समज जुना, पण चुकीचा. लॉयल ऑर्डर ऑफ मूस या बंधुसंघटनेनं (सभासदांनी एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जायचं, अशी संघटना) १९१३ मध्ये ते उभारलं, तेही सभासदांच्या वर्गणीतून. सभासद बहुतेक कामगार. घरचा कर्ता गेला की त्याच्या मुलांची सोय इथे व्हायची. अनेकांची आई हयात होती. तीही सोबत येऊन राहायची, तिथलीच कामं करायची. मुलं शाळेबरोबर छपाईसारखा एखादा धंदा शिकत. आवार तर चक्क हजार एकरांचं! दान कसलं, हा विमाच जास्त. मात्र दार सभासदांच्याच कुटुंबांना उघडं होतं, आणि तेव्हा सभासदत्व फक्त गोऱ्यांना मिळे. कौतुक करणारे हे सोयीनं गाळतात.